अस्तरवाले मास्तर

मी दातांची डॉक्टर. म्हणजे थापा मारण्याचा तेवीस वर्षांचा अनुभव. "काही दुखणार नाही हं, मुंगी चावल्यासारखं होईल" हे वाक्य मी दिवसातून निदान वीस वेळा म्हणत आले, आणि मुंगी किती मोठी ते कुणालाच सांगितलं नाही. मास्तरांनी मात्र पहिल्याच दिवशी मला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं आणि शर्टाच्या बाह्या दुमडत म्हणाले, "दुखणार. बोंबलायचं असेल तर खुशाल बोंबला. चाळीत कुणी विचारायला येत नाही."

टेबल कसलं, तर कापड बेतायचं. लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. अर्ध्या खोलीत संसार, मध्ये पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे हे सागवानी टेबल. कडेला इंचांच्या खुणा, मध्ये इस्त्रीचे दोन जुने डाग. वर वहिनींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, शिवलेली गोधडी. कोपऱ्यात शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. बावीस वर्षं मास्तरांनी त्या टेबलावर कोट बेतले आणि मग एक दिवस माणसं बेतायला घेतली.

लोक त्यांना मालिशवाले म्हणायचे आणि मास्तर भडकायचे. "मालिश म्हणजे तेल. तेलावर पकड बसत नाही. तेल भज्यांना." कुणी मान मोडून घ्यायला आलं तर आणखीच वाईट. "कडकड आवाज हवाय? खाली चिवड्याच्या गल्लीत जा, पापड घे, खा." मग ते करायचे तरी काय? हे त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण मग ते उठून एक जुना कोट आणायचे, तो उलटा करायचे आणि व्याख्यान सुरू.

"हे अस्तर. कोट बसत नसला की लोक कापडाला शिव्या घालतात. कापड बिचारं निर्दोष. आतलं अस्तर आखडलेलं असतं. अस्तर आखडलं की वरून चुण्या पडतात, बटण ओढतं, खांद्यात झोल येतो. माणसाला पण आतून अस्तर आहे. डोक्यापासून टाचेपर्यंत एकच. हाडांवरून, मांसावरून, सगळीकडून फिरलेलं. तुम्ही तर डॉक्टर, तुम्हाला कॉलेजात दाखवलं असेल."

दाखवलं होतं. मुडदा फाडताना ते पांढरं पातळ आवरण आम्ही आधी कापून बाजूला टाकायचो, कारण परीक्षेला त्याच्या खालचं विचारायचे. हे मी मास्तरांना एकदा बोलून गेले. "बघा," ते पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "गो, ऐकलंस? डॉक्टर लोक अस्तर फेकून देतत!" आतून वहिनी म्हणाल्या, "तुमी तरी खय ठेवलास? परवाच्या कोटाचा उंदरान खाल्ल्यान." वहिनी वाल सोलत बसलेल्या असायच्या आणि पडद्यामागून सगळ्या गोष्टींवर शेरे मारायच्या. मास्तर आमच्याशी मुंबईचं बोलायचे, वहिनींशी मालवणी, आणि स्वतःशी मिनिटामिनिटाला "हं" एवढंच.

ही विद्या त्यांना दिली एका परदेशी बाईने. ती दर हिवाळ्यात मुंबईत यायची, मास्तरांकडून सुती कपडे शिवून घ्यायची. एकदा माप देता देता तिनेच मास्तरांना उभं केलं आणि त्यांच्याभोवती फिरून बघितलं. सतत वाकून कात्री चालवून त्यांचा उजवा खांदा कानाला टेकायला आला होता. तिने दहा बैठकांत तो खाली आणला. त्याबद्दल मास्तरांनी तिला चार पॅन्ट आणि एक जाकीट दिलं. मग ओळीने चार हिवाळे ते तिच्यामागे हिंडून शिकले. इंग्रजी यथातथाच. पण बघायची नजर शिंप्याची होती, आणि ती काही तिने शिकवलेली नव्हती. जिन्यावरून वर येणाऱ्याच्या पावलांवरून ते सांगायचे, "डावी बाजू आखूड."

पण शिंपीकाम सोडायचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला वहिनींनी सांगितलं. मास्तरांची ख्याती अशी की त्यांच्या कोटात कुबडा माणूसही ताठ दिसे. खांदा पडलेला असेल तिथे पॅड, पाठीला पोक असेल तिथे कापड उरेब, म्हणजे तिरपं कापलेलं. परळचा एक नवरदेव लग्नाचा सूट घालून एवढा रुबाबदार दिसला की मुलीकडचे खूश. आणि दुसऱ्या दिवशी सदऱ्यात दिसला तेव्हा मुलीची आई मास्तरांच्या दारात भांडायला आली. "आमची फसवणूक केलीत तुम्ही!" तिचं म्हणणं मास्तरांना पटलं, हीच तर पंचाईत. "आयुष्यभर लोकांचा वाकडेपणा झाकला मी," ते म्हणत. "आता थोडा काढतो." लोक काशीला जातात, ह्यांनी लोकांच्या अंगाला कोपर लावायला घेतलं.

तर मी तिथे कशी पोचले? माझा उजवा हात निकामी होत चालला होता, म्हणून.

सुरुवातीला अंगठा झोपल्यासारखा व्हायचा. मग पहिलं बोटही. मी हात झटकायची आणि कामाला लागायची. दातांचं काम डोळ्यांनी होतं असं लोकांना वाटतं. कसलं? तोंडात अंधार, वर थुंकी, वर जीभ मध्ये मध्ये. आम्ही बघतो ते बोटांनी. सळई दातावरून फिरवायची, कुठे खरखर लागते, कुठे मऊ लागतं, ते अंगठ्याला कळतं. एक दिवस सळई माझ्या हातात होती आणि मला ती हातात आहे हे दिसत होतं, जाणवत नव्हतं. पेशंट तोंड उघडून बसलेला. मी त्याला खोटंच सांगितलं की लाइटचा प्रॉब्लेम आहे, उद्या या.

मानेचा एमआरआय झाला. दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती. सर्जन मोठे, परळच्या एका हॉस्पिटलातले, स्वभावाने सरळ. म्हणाले, "ऑपरेशन करून टाका. फार थांबू नका. नस जितके दिवस दाबलेली राहील तितकं पुढे कठीण." मी विचारलं, "बोटं पूर्ण येतील?" ते म्हणाले, "येतील बहुतेक. कधी कधी नाहीही येत." हे 'बहुतेक' माझ्या घशाखाली उतरेना. पेशंटला मी स्वतः किती वेळा 'बहुतेक' म्हणते आणि त्याचा अर्थ काय असतो, हे मला चांगलं माहीत. मी रिपोर्ट घेतला, पर्समध्ये घातला, आणि महिनाभर पर्स बदलली नाही.

खरं सांगू? मला भीती वाटत होती. नुसती भीती. गिरगावात वाढलेली, पहिल्या फटक्यात पास होणारी, कुणापुढे न रडणारी मी, आंघोळीच्या वेळी अंगठ्यावर गरम पाणी सोडून बघायची की कळतंय का. हा हात गेला तर मी कोण, हाच प्रश्न.

त्या दिवसांत वरळीच्या मावशी कवळी बसवून घ्यायला यायच्या. कोळीण, साठी उलटलेली, अजूनही काळाचौकीला दारोदार मासळीची पाटी घेऊन फिरायच्या. मी हात झटकताना त्यांनी पाहिलं. "लालबागच्या मास्तरकडं जा," म्हणाल्या. "लय वाईट मानूस हाय. पन हात देवाचा."

वाईट का, ते त्यांनी पुढच्या दोन भेटींत, तोंडात मापाचा साचा नसेल तेव्हा सांगितलं. गुडघे दुखतात म्हणून त्या गेल्या होत्या. मास्तरांनी नेहमीप्रमाणे गुडघ्याला हातच लावला नाही. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "दुखतं तिथे फिर्यादी असतो. आरोपी दुसरीकडे लपलेला असतो." त्यांनी आरोपी मानेत पकडला. चौदाव्या वर्षापासून डोक्यावर पाटी, त्यामुळे मावशींची मान डावीकडे कललेली, त्या बाजूची कंबर वर चढलेली. मास्तरांनी सात बैठकांत बाई सरळ केली. अगदी देवळाच्या खांबासारखी. गुडघे थांबले. मावशींनी मास्तरांना दोन पापलेटं दिली.

आठव्या दिवशी मावशी चाळीच्या चौकात उभं राहून ओरडत होत्या. "ए मास्तर! खाली ये मेल्या! माजी पाटी डोक्यावर ऱ्हात न्हाय!" सरळ डोक्यावर पाटी ठरेना. पन्नास वर्षांचा तोल, तो त्या कललेल्या मानेत होता. काळाचौकीच्या नाक्यावर सगळे बोंबील रस्त्यावर, मांजरांची चैन. "पयल्यासारखी वाकडी कर मला! आत्ताच्या आत्ता!"

आणि मास्तरांनी केली. तीन बैठका खर्च करून त्यांनी स्वतःचं काम उसवलं, मान होती तशी, थोडी कमी, पण पाटी राहील इतपत कलती करून दिली. त्यांना फार लागलं ते. त्यानंतर ते येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच विचारत, "सरळ व्हायचंय, ते कशासाठी?" टॉवरमधल्या ऑफिसांतली मुलं यायची, लॅपटॉपने पुढे आलेल्या माना घेऊन. "सर, पोश्चर परफेक्ट करायचंय." मास्तर विचारायचे, कशासाठी? मुलगा गोंधळायचा. "म्हणजे... चांगलं असतं ना सर?" मास्तर म्हणायचे, "विचार करून ये. घाई नाही. वाकडेपणा पळून जात नाही."

मलाही विचारलं. मी म्हणाले, "खांदा आखडलाय. हात वर जात नाही." हे अर्धं खरं होतं. रिपोर्टचं मी बोलले नाही. मग त्यांनी एक जाकीट दिलं, "बटण लावा." ही त्यांची परीक्षा. प्रत्येकाकडून बटण लावून घेत, आणि बोटं, मनगट, खांदा कसा फिरतो ते लांबून बघत. मी बटण डाव्या हाताने लावलं. "डावखुऱ्या?" "हो." सराईतपणे बोलले मी. तेवीस वर्षांचा अनुभव काही वाया जात नाही.

पेशंट माझ्यापासून शुगर लपवतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या लपवतात आणि मग दात काढल्यावर रक्त थांबत नाही म्हणून माझ्याच नावाने खडे फोडतात. मी त्यांना काय काय बोलले आहे! "डॉक्टरला फसवून कुणाचं भलं झालंय का हो?" आणि मी स्वतः एका शिंप्यापासून एमआरआय लपवून गोधडीवर पालथी पडले होते. कारण मला पक्कं ठाऊक होतं, सांगितलं तर हा माणूस हात लावणार नाही.

बैठक कशी असते ते सांगते, कारण लोक विचारतात. आधी अर्ध्या चड्डीत आणि बनियनमध्ये नुसतं उभं राहायचं. मास्तर समोर स्टुलावर. पाच मिनिटं बघणार. गॅलरीत चालून दाखवायचं. शेजारणी कपडे वाळत घालता घालता तुमच्या चालीवर मतं देणार. मग टेबलावर. मास्तर दाबत नाहीत. ते कोपर किंवा बोटांची पेरं टेकवतात आणि थांबतात. काही होत नाही. तुम्हाला वाटतं, हे झोपले की काय. मग आतून काहीतरी ओढल्यासारखं, भाजल्यासारखं व्हायला लागतं आणि मास्तर शांतपणे म्हणतात, "आता टाच पुढे ढकला. सावकाश. घाई करू नका, अस्तर फाटतं." तुम्ही टाच ढकलता आणि आग पार कमरेपर्यंत जाते. खाली मिरच्या कुटायचा सीझन असला तर त्यात शिंकांची भर. एकदा माझ्या पोटरीवर त्यांचं कोपर होतं आणि आम्ही दोघं एकाच वेळी शिंकलो. "देवा!" मी ओरडले. आतून वहिनी म्हणाल्या, "मेल्या मिरच्येक आग लागो."

आणि उठल्यावर एक पाय लांब वाटतो. खरंच. अर्ध्या अंगाचं काम झालेलं असतं, तेव्हा एक बाजू सैल, मोकळी, आणि दुसरी आपली जुनी. मी दुसऱ्या बैठकीनंतर लालबागहून दादरपर्यंत चालत गेले. श्वास बरगड्यांत खालपर्यंत जात होता. खांदा वर जाऊ लागला. मला आनंद व्हायला हवा होता. अंगठा होता तसाच होता.

चौथ्या बैठकीनंतर वहिनींनी शिरा दिला. मी गप्पांच्या नादात ताटली डाव्या हातात घेतली, चमचा उजव्या. चमचा पडला. मी उचलला, पुन्हा पडला. पडद्याशी उभ्या वहिनी बघत होत्या. त्या मास्तरांना म्हणाल्या, "ह्या डावऱ्या नाय हत."

मास्तरांनी जाकीट आणलं. "लावा. उजव्या हाताने."

मला ते एक बटण लावता आलं नाही. बटण अंगठ्याखाली होतं, मला दिसत होतं, आणि ते काजात जाईना. मी तीनदा प्रयत्न केला. खालच्या मंडपाच्या कारखान्यात कुणीतरी खिळे ठोकत होतं.

"कधीपासून?"

मी सांगितलं. सगळं. पर्समधला रिपोर्टही काढून दिला. त्यांनी तो वाचला नाही. त्यांना तो वाचता आलाही नसता. ते मशीनच्या स्टुलावर बसले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

"तीन वेळा," ते म्हणाले, "तीन वेळा मी तुमच्या मानेला हात लावला. काही झालं असतं तर?"

"झालं नाही ना पण."

"तुमच्या खुर्चीत कुणी असं केलं तर तुम्ही काय करता?"

"हाकलून देते."

"मग उठा."

मी उठले नाही. मला एवढा राग आला की काय सांगू. मी त्यांच्यावर ओरडले. दहातल्या सहा बैठका बाकी आहेत, अर्धं काम टाकून कोण देतं, मावशींचं उसवून परत शिवून दिलंत, मग माझं का नाही? मास्तर म्हणाले, "त्यांचा कोट बिघडला होता, डॉक्टर. तुमच्या कोटातला माणूस आजारी आहे. शिंपी काय करणार?"

"मला भीती वाटते मास्तर," मी म्हणाले. शेवटी म्हणाले. नवऱ्याला नाही, सर्जनला नाही, बनियन घालून चाळीतल्या एका शिंप्यासमोर. "हात परत आला नाही तर?"

त्यांनी 'येईल' म्हटलं असतं तर मी त्यांच्यावर पुन्हा कधीच विश्वास ठेवला नसता. ते म्हणाले, "नाही आला तर नाही आला. पण आत्ता तुम्ही त्याला घालवताय." मग पडद्याकडे वळून, "गो, डॉक्टरांका खाली सोडून ये. टॅक्सीत बसव. सरळ हॉस्पिटलात." आणि वहिनी खरोखरच, चप्पल घालून, मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. तेवीस वर्षांत मी किती लोकांना स्पेशालिस्टकडे पाठवलं, कुणाला टॅक्सीत बसवलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. मास्तर भेटायच्या वेळेत इस्त्रीचा शर्ट घालून आले, पलंगाच्या पायाशी उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता चादरीखालच्या माझ्या आकाराकडे बघत राहिले. "उशी चुकीची आहे." नर्सशी भांडण. नर्स म्हणाली, "तुम्ही कोण यांचे?" मी म्हणाले, "माझे टेलर." ती हसली. तिला वाटलं, मी अजून गुंगीत आहे.

हाताच्या कळा थांबल्या. अंगठा आणि ते बोट मात्र तसंच, बधिर. सर्जन म्हणाले, वाट बघू. दवाखाना बंद. आणि मग मंगळवार-शुक्रवार दुपारी मास्तर गिरगावला माझ्या घरी यायला लागले, एक पिशवी घेऊन. पिशवीत बावीस वर्षांची कातरणं. "डोळे मिटा." अंगठा आणि बोटाच्या मध्ये एक तुकडा. "सांगा काय आहे."

"रेशीम."

"चूक. गोणपाट."

असं दीड महिना. गोणपाट आणि रेशीम! एकदाही त्यांनी बरोबर म्हणून सोडून दिलं नाही. एकदा मी वैतागून म्हणाले, माझ्या समाधानासाठी तरी म्हणा. ते म्हणाले, "समाधान पाहिजे तर बुवा गाठा, लालबागला पुष्कळ आहेत." चूक. चूक. चूक. माझ्या घरचे त्यांना कंटाळले. मी त्यांना शिव्या द्यायची आणि मंगळवार उजाडला की दारावरच्या बेलकडे कान लावून बसायची. एका शुक्रवारी मी म्हणाले, "पॉपलीन." त्यांनी तो तुकडा स्वतःच्या बोटांत घेऊन चोळला. "चूक. केंब्रिक. पण आज चूक झाली ती शेजारच्या ताग्याची." आणि त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे चहा घेतला.

सर्जन म्हणाले, काम सुरू करून बघा. दादरचा दवाखाना मी उघडला. आठ दिवस रोज उघडला, हत्यारं धुतली, पुसली, ओळीने लावली, आणि आलेल्या पेशंटला सांगितलं, मशीन बिघडलंय. कातरणं वेगळी. कातरणाला काही होत नाही. माणसाच्या तोंडात माझा हात चुकला तर? मी खुर्चीपर्यंत जायची आणि पुन्हा हत्यारं पुसायला मागे फिरायची. नवव्या दिवशी मी शटर खाली ओढायला निघाले, कायमचं ओढायचं असं मनाशी ठरवून. दारात मास्तर.

"मशीन बिघडलंय," मी म्हणाले.

"बसू का?" म्हणाले, आणि बसलेच. खुर्चीत. चप्पल खाली नीट जोडून ठेवली. तोंड उघडलं, खालच्या बाजूची एक दाढ बोटाने दाखवली. "ही काढा."

मी दिवा खाली ओढला. आरसा डाव्या हातात घेतला. बघितलं. चांगली दाढ. ना कीड, ना हलत होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडात एवढी धडधाकट दाढ मी वर्षात एखादीच बघते.

"मास्तर, हिला काय झालंय? चांगली आहे की."

"मला माहीत आहे."

"मग?"

"हात चालतो का बघायचंय ना तुम्हाला? पेशंटवर बघायची भीती वाटते. माझ्यावर बघा. चुकलात तर चुकलात. चावायला दुसरी बाजू आहे."

ते थट्टा करत नव्हते. हा माणूस खरोखर, इस्त्रीचा शर्ट घालून, लालबागहून दादरला, स्वतःची चांगली दाढ उपटून घ्यायला आला होता. मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी इतका संताप आला. "अहो वेडे आहात का? चांगला दात काढला तर माझं लायसन्स जाईल!"

"मग काढू नका. काहीतरी करा. तोंड उघडून मी किती वेळ बसू?"

मी सळई घेतली. उजव्या हातात. अंगठा आणि पहिलं बोट. मी त्यांच्या खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिभेच्या बाजूला गेले, जिथे आरसा लावूनही धड दिसत नाही. टोक हिरडीच्या कडेने हळूहळू सरकवलं. एक दात. काही नाही. दुसरा. काही नाही. मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दाताच्या कडेला सळई अडली. किंचित खरखर. चहाने आणि वर्षांनी धरलेला कीटणाचा एक पातळ कंगोरा. मी मागे आले, पुन्हा गेले. होता. तिथेच होता. पुन्हा गेले. अंगठ्यात होता.

मास्तरांनी घशातून काहीतरी विचारलं. त्यांना बोलता येत नव्हतं. डोळे वर करून ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि माझे डोळे वाहत होते, पुसायला एकही हात मोकळा नव्हता.

"हलू नका मास्तर," मी म्हणाले. "कळतंय मला."